कडूपणाचा आकडा बघून बिअर निवडू नका

मित्रमंडळींना घरी बोलावून हॉप्सच्या बिअर चाखायचे ठरले, की यजमानाचा हात आधी सर्वांत कडू बाटलीकडे जातो. काही बाटल्यांवर ‘आयबीयू’ हा कडूपणाचा आकडा छापलेला असतो. चाळीसवालीपेक्षा सत्तरवालीत हॉप्स जास्त कळतील, असा साधा हिशेब. तो फसवा आहे, आणि फसवा का आहे हे कळायला तीन बिअर पुरतात.

चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन शहराची पिल्सनर उर्केल, कॅलिफोर्नियाची सिएरा नेव्हाडा पेल एल आणि डब्लिनची गिनेस. तिघींचा आकडा चाळिशीच्या आसपास. पण शेजारी शेजारी ओतल्या, तर त्या एका मापाच्या आहेत यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पिल्सनरचा कडूपणा स्वच्छ, कोरडा, घशाशी रेंगाळणारा. पेल एलमध्ये ग्रेपफ्रूटची साल आधी नाकाशी येते, कडूपणा मागून. गिनेसमध्ये भाजलेल्या जवाचा कॉफीसारखा कडवटपणा पुढे असल्याने हॉप्स त्यात जवळजवळ लपून जातात. आयबीयू द्रवातली कडू द्रव्ये मोजतो, जिभेला काय वाटते ते मोजत नाही. वासाचा तर त्या आकड्याशी काहीच संबंध नाही.

हॉप ही गांजाच्या कुळातली वेल. तिच्या मादी फुलांच्या शंकूंत ल्युप्युलिन नावाची पिवळी, चिकट भुकटी असते. या भुकटीत कडूपणा देणारी आम्लेही असतात आणि वास देणारी तेलेही. त्यांचा स्वभाव मात्र उलट. आम्लांना कडूपणा आणण्यासाठी तासभर उकळी लागते, आणि त्याच उकळीत तेले वाफेबरोबर उडून जातात. म्हणून वास हवा असेल तर हॉप्स शेवटी टाकतात, कोथिंबीर आमटी उतरवताना टाकावी तसे, किंवा आंबवण क्रिया सरत आल्यावर थंड बिअरमध्येच भिजत ठेवतात. या दुसऱ्या पद्धतीला ‘ड्राय हॉपिंग’ म्हणतात. एकाच जातीचा हॉप कधी टाकला यावर बिअरचा चेहरामोहरा बदलतो.

तेव्हा घरच्या बैठकीसाठी बाटल्या निवडायच्या त्या हॉपच्या जातीनुसार आणि गावानुसार. पिल्सनर उर्केल हवीच. १८४२ मध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने ती प्लझेनमध्ये पहिल्यांदा केली, आणि तिच्यातला साझ हॉप येतो झाटेत्सच्या परिसरातून. हॉप्सच्या मळ्यांचा हा मुलूख २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. साझचा वास मंद: गवत, वनस्पती, थोडा मसाला. चार जण गप्पा मारत असताना तो सहज निसटतो, म्हणून हा ग्लास पहिला.

दुसरा ग्लास कॅस्केडचा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या ओरेगनमधल्या संशोधनातून ही जात तयार झाली आणि १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली. तिच्या वंशात इंग्लंडचा फगल हॉप आहे, पण वास थेट लिंबूवर्गीय. केन ग्रॉसमन यांनी १९८० मध्ये चिको गावी सिएरा नेव्हाडा पेल एल केली, त्यानंतर अमेरिकी बिअरची चवच या वासाकडे वळली. तिसरा ग्लास जमल्यास न्यूझीलंडच्या नेल्सन सॉविनचा. पांढऱ्या द्राक्षांच्या वाइनची आठवण करून देणारा हा हॉप बिअरमध्ये भेटला, की वाइनप्रेमी पाहुणाही ग्लास परत नाकाशी नेतो.

या बाटल्या पुण्या-मुंबईत मिळतीलच असे नाही, आणि मिळाल्या तरी खरेदीआधी बाटलीवरची तारीख वाचावी. हॉप्सचा सुवास बिअरमधली सर्वांत अल्पायुषी गोष्ट आहे. कॅलिफोर्नियाची स्टोन ब्रूअरी एका आयपीएच्या नावातच ती कधीपर्यंत संपवायची ती तारीख घालते. गंमत अशी की आयपीए म्हणजे ‘इंडिया पेल एल’ हे नाव ज्या प्रवासावरून पडले तो नेमका उलटा होता. आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला पोहोचायला जहाजांना महिनोन्‌महिने लागत, आणि बिअर नासू नये म्हणून तिच्यात हॉप्स सढळ हाताने घातलेले असत. आज तीच आयपीए इतक्या मुक्कामानंतर पिणे म्हणजे पैसे वाया. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही ब्रूअरी सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात ताजी बिअर करणारे वाढत गेले आहेत. सहा महिन्यांपूर्वीच्या परदेशी आयपीएपेक्षा त्यांची गेल्या महिन्यातली आयपीए कधीही सरस. लेबल कमी रुबाबदार असेल, एवढेच.

आपल्याकडे खपणारी ‘स्ट्राँग’ बिअर मात्र या टेबलावर नको. तिच्यात मद्यार्क बोलतो, हॉप्स नाही.

प्रकाशाचा प्रयोग जरूर करावा. हॉप्समधली कडू द्रव्ये उन्हात फुटतात आणि त्यातून गंधकयुक्त, स्कंक प्राण्यासारखी दुर्गंधी तयार होते. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढीही नाकाला पुरते. तपकिरी काच तो प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच अडवत नाही. हिरव्या बाटलीतल्या एकाच बिअरच्या दोन बाटल्या घ्याव्यात, एक फ्रीजमध्ये आणि दुसरी दुपारी तासभर गच्चीत ठेवावी, मग ती पुन्हा गार करून दोन्ही हुंगाव्यात. दुकानदाराने उन्हातल्या शोकेसमध्ये मांडलेली बाटली का घेऊ नये, हे पाहुण्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

बाकी तयारी थोडी. चार बिअर पुरे, माणशी प्रत्येकी १०० मिलिलिटर. राज्यात बिअरसाठी वयाची अट २१ आहे, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्याचा परवानाही लागतो. परवान्याची ही कागदावरची अट बहुतेक घरांत कोणाला आठवत नाही. बाटली बर्फासारखी गार नको, कारण थंडीत वास मिटतो. फ्रीजमधून काढून दहा मिनिटे बाहेर ठेवावी. सौम्य आधी, तीव्र नंतर, गिनेस आणली असेल तर सर्वांत शेवटी. चखणा मात्र फेरी संपेपर्यंत स्वयंपाकघरातच राहू द्यावा. मसाला शेंगदाण्यांच्या तिखटाने जीभ पेटली, की हॉप्सचा कडूपणा नुसता बोचरा लागतो. मध्ये साधा पाव आणि पाणी ठेवावे. शेंगदाणे दुसऱ्या फेरीला, उरलेल्या पिल्सनरबरोबर.