पोलीस केस झाली म्हणून विमा बाद होत नाही

मार्च 2025 मध्ये नागपुरात हिंसाचार झाला. आठवड्याभरात एका आरोपीच्या घरावर महापालिकेचा बुलडोझर चालला आणि त्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारवाईला स्थगिती दिली. तेव्हापासून पालकसभा संपली की कुणी ना कुणी विचारतंच, "सर, घराचा विमा असता तर भरपाई मिळाली असती का?"

उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. जमावाने घर जाळलं तर मिळते. सरकारी आदेशाने पाडलं तर मिळत नाही.

विमा नियामक आयआरडीएआयने 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही सर्व कंपन्यांसाठी एकसारखी पॉलिसी आणली. आग, पूर, भूकंप यांच्याबरोबर दंगल आणि खोडसाळपणे केलेलं नुकसानही तिच्यात येतं. पण सरकारने किंवा कायदेशीर अधिकाऱ्याने आदेश देऊन केलेली जप्ती आणि पाडकाम यातून वगळलेलं आहे. तसंच मालकाने स्वतः, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कुणी, जाणूनबुजून केलेलं नुकसानही वगळलेलं आहे.

खरी तकरार या शेवटच्या वाक्यावरून होते. समजा, दंगलीत घर जळालं आणि त्याच दंगलीच्या गुन्ह्यात घरातल्या मुलाचंही नाव आलं. कंपनी म्हणणार, केस चालू आहे, क्लेम देता येणार नाही. इथेच आपली माणसं गप्प बसतात. पोलिसांचं नाव ऐकलं की आपण हक्कसुद्धा सोडून देतो.

पण एफआयआर म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. प्रश्न एवढाच असतो की आग कुणी लावली. पॉलिसीतलं वगळण्याचं कलम लागू होतं हे कंपनीने सिद्ध करायचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या इशर दास मदन लाल खटल्यात सांगितलं. 2023 च्या मुदित रोडवेज निकालात न्यायालय म्हणालं की दावा करणाऱ्यानेच आग लावली नसेल, तर आगीचं नेमकं कारण महत्त्वाचं ठरत नाही. म्हणजे मुलावर दुसऱ्या ठिकाणी दगडफेकीचा आरोप असला, तरी आईवडिलांनी आपलंच घर पेटवलं असं होत नाही.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. घरात चोरून गॅस भरायचा धंदा चालवला किंवा फटाक्यांचा साठा केला आणि त्यातून आग लागली, तर कंपनीचा नकार टिकू शकतो. घराचा वापर बदलला असेल तर कंपनीला आधीच लेखी कळवावं. तिथे जात-धर्म आणू नये.

बुलडोझरचं नुकसान मात्र विमा कंपनीकडे मागून उपयोग नाही. त्यासाठी 13 नोव्हेंबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. माणूस आरोपी आहे एवढ्यावरून घर पाडता येत नाही, आधी 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून स्वखर्चाने भरपाई वसूल होऊ शकते. रस्ता, फूटपाथ, रेल्वेलाइन किंवा नदीलगतच्या अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही. म्हणून घराचे कागद, नकाशा, घरपट्टीच्या पावत्या आजच जागेवर करून ठेवा.

नुकसान झालंच तर त्याच दिवशी कंपनीला कळवा. फोटो, पंचनामा, अग्निशमन दलाचा दाखला, एफआयआरची प्रत जपून ठेवा. नकार आला तर तोंडी ऐकून घरी परतू नका, कोणत्या कलमाखाली नकार दिला ते लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करूनही महिनाभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. एक वर्षाची मुदत असते, ती चुकवू नका. ग्राहक आयोगाचा दरवाजाही दोन वर्षं उघडा असतो.

मुलांना मी धडा वाचून मगच सही करायला सांगतो. पॉलिसीच्या बाबतीत आपण मोठी माणसं नेमकी उलटं करतो. घर एकदाच बांधलं जातं. त्याच्या कागदाची वीस पानं एका संध्याकाळी वाचून होतात.