आकडा मोठा म्हणून कार्ड मोठे नव्हे

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील एक ताई आपल्या मुलाला घेऊन घरी आल्या. मुलगा बारावीनंतर अ‍ॅनिमेशनचा कोर्स करतो. ताई म्हणाल्या, "दादा, यंदा मला भिशी लागली. ह्याला कॉम्प्युटरमध्ये कसलंसं कार्ड बसवायचंय. दुकानदार म्हणतो नवं घ्या, हा म्हणतो जुनं बरं. आता खरं कुणाचं धरायचं?" मुलगा हळूच म्हणाला, "काका, माझ्या मित्राने घाईत घेतलं आणि फसला."

भिशीचा पैसा वर्षातून एकदाच येतो. तो चुकीच्या वस्तूत गेला तर पुन्हा वर्षभर थांबावे लागते. असा प्रश्न अनेक घरांत पडत असणार, म्हणून आज याच विषयावर लिहितो.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करण्यासाठी कॉम्प्युटरमध्ये बसवायचा वेगळा भाग. पत्रे टंकण्यास वा हिशेब लिहिण्यास त्याची गरज नाही. खेळ, व्हिडिओचे संकलन आणि थ्री-डी अ‍ॅनिमेशन यांना ते लागते. मुलाच्या मनात दोन कार्डे होती, दोन्ही एनव्हिडिया कंपनीची. एक जीफोर्स आरटीएक्स ३०६०, जे फेब्रुवारी २०२१ मध्ये ३२९ डॉलर किमतीस निघाले. दुसरे आरटीएक्स ४०६०, जे जून २०२३ मध्ये २९९ डॉलरला आले. २०२५ साली ५०६० हेही बाजारात आले. परंतु आपल्यासारखे लोक जिथे घासाघीस करतात तिथे आधीची दोनच पुष्कळदा समोर येतात.

आता दोघांचा ताळेबंद मांडू. कार्डातील काम करणाऱ्या सूक्ष्म भागांना कोअर म्हणतात. ३०६० मध्ये ते ३५८४ आहेत, ४०६० मध्ये ३०७२. म्हणजे नव्यात कामगार कमी! पण जुन्याचा कमाल वेग १.७८ गिगाहर्ट्झ, तर नव्याचा २.४६. गिरणीत साचे कमी असले तरी ते जलद चालले तर कापड जास्त निघते, तसाच हा प्रकार. कामगार गुणिले वेग असा साधा गुणाकार केला तर नवे कार्ड सुमारे १८ टक्क्यांनी पुढे जाते. प्रत्यक्ष खेळांच्या चाचण्यांतही नेहमीच्या १०८० रेषांच्या पडद्यावर ते साधारण पाचव्या हिश्श्याने सरस ठरते. जिथे जुने सेकंदाला ६० चित्रे दाखवते, तिथे नवे ७० ते ७२ दाखवील.

मग प्रश्न मिटला का? नाही. दुसरी बाजू मेमरीची आहे. मेमरी म्हणजे कार्डाचे गोदाम. जुन्यात ते १२ जीबीचे, नव्यात ८ जीबीचे. गोदामाकडे जाणारा रस्ता जुन्यात १९२ बिट रुंद, नव्यात १२८. त्यामुळे जुन्यात सेकंदाला ३६० जीबी माल ये-जा करू शकतो, नव्यात २७२. ही उणीव भरून काढण्यासाठी नव्यात हाताशी २४ एमबीचा कप्पा दिला आहे. जुन्यात तो फक्त ३ एमबीचा होता. वारंवार लागणारा माल कप्प्यातच सापडला की गोदामापर्यंत जावे लागत नाही. परंतु काम ८ जीबीत मावलेच नाही, तर कप्प्याचा उपयोग होत नाही. उरलेला माल कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरीत ठेवावा लागतो आणि काम अडखळत चालते. थ्री-डीच्या मोठ्या दृश्यांत नेमके हेच घडते.

येथे जुन्या कॉम्प्युटरचाही विचार करावा. ४०६० मदरबोर्डाशी ८ मार्गिकांनी जोडले जाते, ३०६० सोळांनी. बोर्ड पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा असेल, तर मेमरी भरल्यावर नव्या कार्डाची ओढाताण अधिक होते.

विजेचा हिशेब मात्र नव्याच्या बाजूचा आहे. पूर्ण भारावर जुने १७० वॅट घेते, नवे ११५. फरक ५५ वॅट. रोज सहा तास पूर्ण भार धरला तर महिन्याला जवळजवळ १० युनिट वाचतात. आपल्या बिलावरील दराने गुणून पाहावे.

जाहिरातीतील मोठ्या आकड्यांना भुलू नये. नव्या कार्डात दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक चित्र स्वतः बनवून घालण्याची सोय आहे; जुन्यात कंपनीची ती सोय नाही. त्यामुळे हालचाल गुळगुळीत दिसते, पण बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद तेवढा जलद होत नाही. तुलना वाचताना ही सोय चालू होती की बंद, हे आधी पाहावे.

आता मित्र कसा फसला ते सांगतो. २०२२ च्या अखेरीस ३०६० याच नावाने ८ जीबीचे कार्डही निघाले. त्याचा रस्ता १२८ बिटांचा आणि वाहतूक सेकंदाला २४० जीबी. नाव तेच, काम कमी. मुलाने पावतीवर फक्त '३०६०' लिहून घेतले आणि घरी आल्यावर खोक्यावरचा आकडा वाचला. दुकानदाराने हात वर केले. म्हणून पावतीवर नावासोबत मेमरी आणि बिट लिहून घ्यावेत. घरी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरी दिसते. पहिल्याच दिवशी ताडून पाहावी.

वापरलेले कार्ड घेताना जास्त सावध असावे. २०२१ साली आभासी चलनाच्या खाणकामासाठी अशी कार्डे रात्रंदिवस राबवली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये ईथेरियमने ती पद्धत सोडल्यावर असा पुष्कळ माल बाजारात आला. समोर अर्धा तास चालवून पाहिल्याशिवाय आणि पंख्याचा आवाज ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सारांश असा, की खेळ आणि व्हिडिओचे काम असेल तर ४०६० घ्यावे. एव्ही१ प्रकारात व्हिडिओ तयार करण्याची सोयही त्यातच आहे, ३०६० मध्ये नाही. मोठी थ्री-डी दृश्ये करायची असतील तर १२ जीबीचे ३०६० बरे.

त्या मुलाला मी एवढेच म्हटले, "आधी क्लासच्या कॉम्प्युटरवर तुझे काम किती मेमरी खाते ते बघून ये." चार दिवसांनी तो कागद घेऊन आला. दोन दृश्यांनी नऊ जीबी ओलांडले होते. ताईंनी कागद वाचला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. म्हणाल्या, "चल, बाराचंच घेऊ. पण पावती मी वाचणार."