नवीन विंडोज आलं, रिमोट डेस्कटॉप रुसलं. पण घाईत कुलूप काढू नका!

महिन्याची २० तारीख. जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस. टॅलीचा सगळा डेटा पुण्यातल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणि हिशेब सांभाळणारी व्यक्ती साताऱ्यात आपल्या घरी. गेल्या महिन्यापर्यंत दोन क्लिकमध्ये ऑफिसचा स्क्रीन समोर यायचा. आज मात्र ‘कनेक्ट होऊ शकत नाही’ एवढाच संदेश येतो. मधल्या काळात एकच गोष्ट बदलली आहे: ऑफिसात विंडोज ११ आलं आहे.

हे चित्र काल्पनिक असलं, तरी अनेकांना ते ओळखीचं वाटेल. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि लहान-मोठ्या ऑफिसांना नव्या सिस्टीमकडे वळावं लागलं. अशा वेळी अडचणीपेक्षा ती सोडवायची घाईच जास्त महागात पडते. म्हणून आधी नेमकं काय बिघडतं, ते समजून घेऊया.

एडिशन कोणती आहे?

सगळ्यात आधी हे तपासा. ज्या कॉम्प्युटरशी जोडायचं आहे, त्यावर सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे जा. तिथे ‘विंडोज ११ होम’ लिहिलेलं असेल, तर शोध इथेच संपला. होम एडिशनवरून दुसऱ्या कॉम्प्युटरशी जोडता येतं, पण होम एडिशनच्या कॉम्प्युटरला बाहेरून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने जोडता येत नाही. त्यासाठी प्रो किंवा त्यावरची एडिशन लागते.

मग आधी कसं चालत होतं? जुन्याच मशीनवर अपग्रेड केलं तर एडिशन बदलत नाही, प्रोचं प्रोच राहतं. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. ती नसल्यामुळे अनेक जुनी मशीन बाद झाली. त्यांच्या जागी आणलेल्या नव्या मशीनमध्ये होम एडिशन असेल, तर जुनी सोय गेलीच म्हणून समजा. खरेदीच्या वेळी एक प्रश्न विचारला असता, तर ही वेळ आली नसती.

प्रो आहे, तरी जोडलं जात नाही?

सेटिंग्ज, सिस्टीम, रिमोट डेस्कटॉप इथलं बटण सुरू आहे का, ते पाहा. नव्या मशीनवर ते मुळात बंदच असतं. मशीन ‘स्लीप’मध्ये जात असेल, तरीही जोडणी होणार नाही, पॉवर सेटिंगमध्ये तो वेळ बदला.

पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश येत असेल, तर तुम्ही पिन टाकत नाही ना, हे बघा. विंडोज ११ वर बहुतेक जण चार-सहा आकडी पिनने लॉगिन करतात. तो पिन त्याच मशीनपुरता असतो, रिमोट जोडणीत चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं वापरत असाल, तर ऑफिसच्या मशीनवर एकदा पासवर्ड टाकून लॉगिन करा आणि मग बाहेरून प्रयत्न करा.

जोडलं जातं, पण मिनिटाभरात तुटतं?

दोष दरवेळी वापरणाऱ्याचाच नसतो. २०२५ च्या सुरुवातीच्या अपडेट्सनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीवरून विंडोज सर्व्हर २०१६ किंवा त्याहून जुन्या सर्व्हरशी केलेली जोडणी ६५ सेकंदांनी तुटू लागली. मायक्रोसॉफ्टने हा दोष मान्य केला आणि मार्च २०२५ च्या अखेरच्या अपडेटमध्ये दुरुस्त केला. म्हणजे इथे उपाय अपडेट थांबवणं हा नव्हता, पुढचं अपडेट घेणं हा होता.

स्टोअरमधून घेतलेलं ‘रिमोट डेस्कटॉप’ अ‍ॅप वापरत असाल, तर त्याचा सपोर्ट २७ मे २०२५ रोजी बंद झाला आहे. विंडोजसोबत येणारं ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’ मात्र कायम आहे. सर्चमध्ये ते नाव टाइप केलं की सापडतं.

मॅकवाल्यांचं दुखणं वेगळं. २०१९ च्या कॅटलिनापासून स्क्रीन दाखवण्यासाठी ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ची आणि माउस-कीबोर्ड चालवण्यासाठी ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी वेगवेगळी द्यावी लागते. स्क्रीन दिसतो पण माउस हलत नाही, याचा अर्थ बहुधा दुसरी परवानगी राहिली आहे.

खरा धोका कुठे?

या सगळ्या उपायांना फार तर अर्धा तास लागतो. पण रिटर्नची मुदत डोक्यावर असताना तेवढाही धीर राहत नाही. मग फायरवॉल बंद केली जाते. ‘नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन’ची खूण काढली जाते. राउटरवर ३३८९ हा पोर्ट थेट इंटरनेटला उघडला जातो. काम होतं, रिटर्न भरलं जातं आणि ते दार तसंच उघडं राहतं.

२०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ नावाची त्रुटी समोर आली, तेव्हा जुन्या विंडोजमधल्या रिमोट डेस्कटॉपमधून पासवर्डशिवाय शिरता येणं शक्य होतं. ज्यांनी ती खूण काढली नव्हती, त्यांना त्यातून काही अंशी तरी संरक्षण मिळालं. बाहेरून जोडायचंच असेल, तर आधी व्हीपीएन आणि मग रिमोट डेस्कटॉप, हाच क्रम ठेवा.

दुसरा धोका फोनवरचा. ‘रिमोट डेस्कटॉप हेल्पलाइन’ असं शोधून मिळालेल्या पहिल्या नंबरवर फोन करणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं. स्क्रीन शेअर करायला लावून बँक खाती रिकामी करण्याच्या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. अनोळखी माणसाने सांगितलेला कोड देऊ नका. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कळवा.

नवी सिस्टीम अनेकदा अडवते, ती काही कारणाने. ते कारण शोधायला वेळ लागतो, ते टाळायला एक क्लिक पुरतो. ऑफिसांनीही ‘कसंही करून चालू कर’ हा निरोप धाडणं थांबवायला हवं. सिस्टीम बदलायची असेल, तर ती महिन्याच्या २० तारखेच्या तोंडावर बदलू नका. आधी एका मशीनवर बदल करा, घरून जोडून बघा आणि मगच बाकीच्या मशीनना हात लावा. एक दिवस उशीर झाला तर विलंब शुल्क आणि थोडं व्याज भरून सुटता येतं. ग्राहकांचा डेटा एकदा बाहेर गेला, की तो कोणत्याही शुल्काने परत येत नाही.