फ्यूजवरील दोन अक्षरे

कृष्णाकाठी कराडपासून सांगलीपर्यंत पसरलेले उसाचे मळे ज्या विद्युत्‌पंपांच्या आधाराने उभे आहेत, त्या पंपांच्या रक्षणार्थ बसविलेल्या फ्यूजची निवड हा एकट्या वायरमनचा विषय नसून शेतकऱ्याच्या आणि पाणीपुरवठा संस्थांच्या हिताचा प्रश्न आहे. तथापि दुकानात विचारले जाते ते फक्त ‘किती अँपिअरचा?’ एवढेच, आकड्याशेजारी इंग्रजी लिपीत छापलेल्या अक्षरांकडे सहसा कोणाची नजर जात नाही.

त्यांतील पहिले, लहान अक्षर फ्यूजच्या अधिकाराची हद्द सांगते. ते ‘जी’ असेल तर अतिभारापासून शॉर्टसर्किटपर्यंत सर्व प्रकारचा अतिरिक्त प्रवाह तोडण्यास तो समर्थ असतो. ‘ए’ असेल तर त्याची जबाबदारी मुख्यतः शॉर्टसर्किटपुरती. पुढील मोठे अक्षर कार्यक्षेत्र दर्शविते: ‘जी’ सर्वसाधारण वापरासाठी, ‘एम’ मोटरसाठी, ‘पीव्ही’ सौर पॅनेलसाठी. 100 अँपिअरचा ‘जीजी’ फ्यूज 160 अँपिअरचा प्रवाह दोन तासांच्या आत तोडतो. त्याच आकड्याचा ‘एएम’ मात्र 400 अँपिअरसुद्धा मिनिटभर वाहू देतो, कारण मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह खेचते आणि तेवढ्याने फ्यूज जाऊ नये, हीच त्याची योजना होय. अर्थात स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले नादुरुस्त असता ‘एएम’वर विसंबणे म्हणजे वाइंडिंग जळण्यास मोकळीक देणे होय. मग डीपीत फ्यूज वारंवार जातो म्हणून तेथे जाड तार गुंडाळली जाते, तेव्हा ना आकडा उरतो, ना अक्षर, ना संरक्षण. आणि जो दोष फ्यूजने दाखवून दिला होता, तो रोहित्रापर्यंत पोहोचतो.

शेतकऱ्याला एवढे तांत्रिक ज्ञान कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु ज्या मुलुखात 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखाना उभारला आणि जेथील शेतकरी खताच्या पोत्यावरील नत्र, स्फुरद, पालाश यांचे प्रमाण वाचल्यावाचून खरेदी करीत नाही, तेथे दोन अक्षरे अवघड ठरण्याचे कारण नाही. म्हणून पाणीपुरवठा संस्थांनी आपल्या मागणीपत्रात आणि साठ्याच्या दप्तरात अँपिअरबरोबर अक्षरांचीही नोंद सक्तीची करावी, आणि वायरमनने जळालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अक्षरांचा फ्यूज बसविल्याखेरीज दुरुस्ती पुरी झाली असे मानू नये.