मालमत्तेचा हिशेब मागता, माणसाचाही मागा

मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर यांस,



राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक स्तर समितीचे आपण अध्यक्ष आहात. आई-वडील गेल्यावर माझ्या बौद्धिक दिव्यांग भावाच्या पालकत्वाचा दाखला मला याच समितीने दिला. 1999च्या या कायद्यानुसार पालकाने नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या स्थावर मालमत्तेची यादी द्यायची आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत जमाखर्च सादर करायचा. भावाच्या वाट्याच्या गुंठ्यांचा आणि बँकेतल्या ठेवीचा हिशेब मी देते. तो द्यायलाच हवा. पण त्याला अंघोळ कोण घालतं, जेवताना शेजारी कोण बसतं, फिट आली तर कोण धावतं आणि त्या माणसाला हे काम कुणी शिकवलंय का, हे कायदा मला विचारत नाही.

विशेष शाळेत शिकवायचं तर विशेष शिक्षणाची पदविका किंवा पदवी हवी, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी हवी. या परिषदेच्या 1992च्या कायद्यात पुनर्वसन व्यावसायिकांची व्याख्या आहे. तिच्यात विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांचा नावानिशी उल्लेख आहे, काळजीवाहकाचा नाही. वर्ग सुटला की मुलं ज्यांच्या हाती येतात त्या वसतिगृहातल्या मावशी, गाडीतले मदतनीस, कार्यशाळेतले सहायक बहुधा काम करता करताच शिकतात. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण आपल्या कोल्हापुरात तालमीच्या मातीत न उतरलेल्याला कुणी वस्ताद म्हणत नाही. मग चोवीस तास दुसऱ्याचा जीव सांभाळणाऱ्याला आधी चार डाव शिकवायला नकोत?

शिकण्यासारखं काय आहे, असं विचारणारेही भेटतात. फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही. माणसाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर थेट दवाखाना गाठायचा. गिळायला त्रास होणाऱ्याला आडवं ठेवून भरवायचं नाही. शर्टाची बटणं आपण लावून मोकळं व्हायचं नाही. शेवटचं बटण त्याला लावू द्यायचं, मग शेवटची दोन, असं करत एक दिवस सगळी. तिशीतल्या बाईला अंघोळ घालताना दार लावायचं, अंगाला हात लावण्याआधी सांगायचं. पाळीच्या दिवसांत काय करायचं हे ओरडून नाही, दाखवून शिकवायचं.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे राग वाचणं. एका ठिकाणी माझा भाऊ जेवण भिरकावू लागला, स्वतःच्या गालावर मारून घेऊ लागला. 'हट्टी झालाय' असं ठरवून त्याला एकट्याला बसवलं गेलं. नंतर कळलं, दाढ किडली होती. ज्याला बोलून सांगता येत नाही तो वागून सांगतो. म्हणून वागणं बदललं की आधी दात, कान, पोट तपासायचं आणि राग येण्याआधी काय घडलं, नंतर काय झालं, हे वहीत लिहायचं. हे शिकवता येतं.

प्रशिक्षणाला आणखी एक बाजू आहे. 2011 साली कळंबोलीच्या बालगृहातलं बौद्धिक दिव्यांग मुलींवरच्या अत्याचारांचं प्रकरण उघडकीला आलं आणि 2013 मध्ये सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावल्या. ज्यांना तक्रार करता येत नाही, त्यांच्या वतीने बोलणारा माणूस आतच असावा लागतो. मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं 2012च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. पण हे मावशींना कुणीतरी सांगायला हवं, आणि सांगितल्यावर नोकरी जाणार नाही, हा भरवसाही द्यायला हवा.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 47 मध्ये आशा आणि अंगणवाडी सेविकांपासून कुटुंबीयांपर्यंत सर्वांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर मॅकगोवन हा अठरा वर्षांचा स्वमग्न मुलगा 2016 मध्ये रुग्णालयात दगावला. त्याच्या आईने लढा दिला आणि 2022च्या कायद्याने तिथल्या आरोग्य व देखभाल सेवांतल्या कर्मचाऱ्यांना असं प्रशिक्षण सक्तीचं झालं. बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न व्यक्ती तिथे स्वतः शिकवायला असतात. आपल्याकडे मुंबईच्या जय वकील संस्थेचा 'दिशा' अभ्यासक्रम राज्यातल्या विशेष शाळांत आला, त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं. शिक्षकांसाठी जमलं ते मावशींसाठी का जमू नये?

माझ्या मागण्या तीनच आहेत. पहिली: पालकाच्या वार्षिक हिशेबासोबत आणि संस्थांच्या तपासणीत 'सांभाळणाऱ्याचं प्रशिक्षण' हा रकाना घाला. दुसरी: जिल्ह्यातल्या प्रत्येक काळजीवाहकासाठी पगारी रजेसह मराठीतून प्रत्यक्ष प्रशिक्षण ठेवा. चंदगड-आजऱ्याच्या माणसाचा कोल्हापूरला येण्यात दिवस मोडतो, म्हणून एक केंद्र गडहिंग्लजला हवं. शिकवायला सीपीआर रुग्णालयाचे डॉक्टर, 'चेतना'सारख्या अनुभवी संस्था आणि राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं नवी मुंबईतलं केंद्र आहे. तिसरी: पैशांची सोय करा. स्थानिक स्वराज्य संस्थांना दिव्यांगांसाठी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम खर्चायची असते आणि जिल्हा नियोजन समितीचे सदस्य-सचिव आपणच आहात. साहित्यवाटपाचे कार्यक्रम होतात, फोटो येतात. त्यातला थोडा निधी माणसं घडवायला वळवा.

यासाठी नवा कायदा नको, मुंबईची परवानगी नको. पहिली तुकडी याच आर्थिक वर्षात सुरू करा. जागा आणि तारीख कळवा. आम्ही पालक शिकायलाही येऊ आणि शिकवायलाही.

आपली,
कोल्हापुरातली एक पालक-बहीण