उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्याकडे म्हणतात. रावेतच्या उकिरड्याचे मात्र फिटले नाहीत. पवनेकाठचे हे शेतकऱ्यांचे गाव. शेते गेली, उकिरडे गेले, त्यांवर टोलेजंग संकुले उठली आणि संकुलांच्या बागेत खताची सामाईक पिंपे आली. नाव पालटले, पण घाण कोणी उपसायची, हा जुना प्रश्न तसाच राहिला.

केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनी मोठ्या संकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरविण्याचा भार टाकला. तेव्हापासून सोसायट्यांच्या सभांत एकच गाऱ्हाणे ऐकू येते : ‘वास मारतो, पालिका कर घेते, कचराही तिनेच न्यावा.’ न्यावा कोठे? मोशीच्या डेपोत! मोशीकरांना नाक नसते काय? कर भरला म्हणजे आपली घाण दुसऱ्याच्या दारात टाकण्याचा परवाना मिळत नाही.

आणि वास तरी का मारतो? एक बादली ओल्याला दोन बादल्या सुका पाला घालावा, आठवड्यातून एकदा खालवर करावे, ओल पिळलेल्या फडक्याइतकी राखावी. हवा खेळली की ढीग तापतो आणि दोनतीन महिन्यांत मातीच्या वासाचे काळे खत हाती येते. हवा कोंडली की सडते. एवढेच ते शास्त्र. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरला खताची पद्धत बसविली आणि आपल्या शेतकऱ्यांना गुरू मानले. त्या गुरूंची नातवंडे आज बाराव्या मजल्यावरून सांगतात, ‘हे आम्हाला जमणार नाही!’

अडचण शास्त्राची नाही, हाताची आहे. त्या पिंपात प्लास्टिकच्या पिशव्या पडतात, दाढीची पाती पडतात, पोरांचे डायपर पडतात. ते वेचून काढते कोण? झाडलोट करणारी बाई. तिला आपण मोठ्या प्रेमाने ‘मावशी’ म्हणतो. सख्ख्या मावशीला हे काम सांगण्याची छाती कोणाची आहे? कणकवलीचे अप्पासाहेब पटवर्धन ब्राह्मण घरात जन्मले आणि त्यांनी मैलासफाई स्वतःच्या हातांनी केली. असली कामे एका जातीच्या माथी मारणे हा अधर्म आहे, हे त्यांनी कृतीने सांगितले. आपण जातीच्या जागी पगार ठेवला आणि स्वतःला सुधारलेले म्हणवू लागलो.

म्हणून माझे मागणे एकच : जो टाकील, तोच ढवळील. आठवड्याला दोन घरांची पाळी लावा. शंभर घरांच्या संकुलात प्रत्येकाची पाळी वर्षातून जेमतेम एकदा येते. आजाऱ्यांना नि म्हाताऱ्यांना माफी असावी, चेअरमनला नसावी. ‘वेळ नाही’ असे म्हणणाऱ्याने वर्षाच्या त्या एका दिवसाचा हिशेब सभेत उभे राहून द्यावा.

स्वतःचा हात ज्या पिंपात जायचा आहे, त्यात दाढीचे पाते कोणी टाकीत नाही. नियम, दंड आणि यंत्रे यांना जे साधले नाही, ते ही पाळी साधील.