पाहुणे कोण?

फाल्गुन जवळ आला की पेपरात एक ठरलेला मथळा येतो. आमच्या ग्वाल्हेरच्या हिंदी पेपरांत ‘विदेशी मेहमान लौटने लगे’, आणि नातेवाईक मोबाइलवर धाडतात त्या मराठी कात्रणांत ‘परदेशी पाहुणे परतीच्या वाटेवर’. सोबत पाण्यावरच्या बदकांचा एखादा फोटो. मथळा देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरीही हा ‘पाहुणे’ शब्द मला पटत नाही, आणि का पटत नाही ते आज जरा सविस्तर लिहिते.

पट्टकादंब घ्या. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा राखी हंस तिबेट-मंगोलियाकडच्या सरोवरांकाठी अंडी घालतो. थंडीच्या तोंडावर हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. शास्त्रज्ञांनी अंगावर यंत्रे बसवून पाहिले तेव्हा काही हंस सात हजार मीटरच्याही वर उडालेले आढळले. हा आपल्या पाणथळीत उतरतो दिवाळीच्या आगेमागे आणि निघतो मार्चमध्ये. म्हणजे पाच महिने. पाच महिने राहणाऱ्याला आपल्या घरी कोणी पाहुणा म्हणत नाही. त्याला घरचा म्हणतात, नाहीतर भाडेकरू. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक यांचेही तसेच आहे. त्यांचे उत्तरेतले घर जितके खरे, तितकेच हे खरे.

शब्दावरून एवढे का अडायचे? कारण पाहुण्याचा हक्क नसतो. त्याला मिळते ते यजमानाच्या मर्जीने. पाणी उरले तर देऊ, नाही उरले तर पाहुण्याने समजून घ्यावे. भरतपूरच्या केवलादेव अभयारण्याबाबत वर्षानुवर्षे नेमके असेच चालले आहे.

आपल्यापैकी पुष्कळांनी केवलादेव पाहिले आहे, पण एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ते जंगल आपोआप झालेले नाही. अठराव्या शतकात महाराजा सूरजमलच्या काळात अजान बांध घातला गेला आणि पुढच्या राजांनी शिकारीसाठी तिथे बांध-पाळी घालून पाणी खेळवले. सुमारे २९ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश १९८१ मध्ये रामसर यादीत गेला, १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरला. तिथे साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. पण हे सगळे उभे आहे ते माणसाने सोडलेल्या पाण्यावर. गंभीर नदीवर वर करौलीकडे पांचना धरण झाले आणि खाली येणारे पाणी आटले. २००४ च्या सुमारास तर करौलीच्या शेतकऱ्यांनी पाणी सोडायला कडाडून विरोध केला. मग गोवर्धन नाल्याचे पुराचे पाणी आणि चंबळच्या पाणीयोजनेतला वाटा अशी सोय करावी लागली.

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने पाखरांचा दाखला दिला आहे, तो आपण सर्वांनी शेकडो वेळा ऐकला आहे. तो ऐकताना आपण एक सोयीचा अर्थ काढतो: देव त्यांचे बघतो, म्हणजे आपण बघायला नको. भरतपूरला उभे राहिले की हा अर्थ टिकत नाही. तिथे देवाची कृपा पाखरांपर्यंत पोहोचते ती धरणाच्या दारातून आणि सिंचन खात्याच्या फायलीतून. ती फाइल अडवणारे हात माणसाचे असतात आणि पुढे सरकवणारेही. करौलीच्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या मोहरीला पाणी हवेच. पण नदी खालच्या गावांचीही असते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वरच्या शेजाऱ्याने पाट अडवला की काय होते ते त्याच्याइतके कोणाला कळते? बोलणी तिथून सुरू करता आली असती. ‘परदेशी पाहुण्यांसाठी तुमचे पाणी’ अशा भाषेत सुरू झाली तर तो चिडणारच.

याच्या उलट बाजूचाही एक धडा आहे आणि मला तो जास्त बोचतो. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा आसपासच्या गावांच्या म्हशींना आत चरायला बंदी झाली. सलीम अलींसारख्या थोर माणसाचाही चराईबंदीला पाठिंबा होता. गावकरी विरोधात उठले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. पुढे काय झाले? म्हशी गेल्यावर पाण्यात पास्पालम नावाचे गवत माजले, उघडे पाणी कमी झाले, बदकांना पोहायला आणि क्रौंचांना कंद उकरायला जागा उरेना. मुंबईच्या बीएनएचएस संस्थेच्या दहा वर्षांच्या अभ्यासातूनच निष्कर्ष निघाला की चराई त्या पाणथळीच्या भल्याची होती. नंतर गावकऱ्यांना गवत कापून नेऊ दिले आणि वेडी बाभूळ काढायच्या कामी त्यांचीच मदत घेतली. ज्या माणसांना ‘बाहेरचे’ ठरवले तीच त्या जागेची राखणदार होती. एका बाजूने घरच्या पक्ष्याला पाहुणा म्हटले, दुसऱ्या बाजूने घरच्या माणसाला उपरा. दोन्हींत मोडले ते एकच घर.

आणि सायबेरियाचे पांढरे क्रौंच? १९६० च्या दशकात भरतपूरला ते दोनशेच्या आसपास येत. पश्चिम सायबेरियातून निघून अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत, वाटेत बंदुका चुकवत. शेवटची जोडी २००१-०२ च्या हिवाळ्यात दिसली. त्यानंतर एकही नाही. आमच्या धर्मशिक्षण वर्गातल्या कोणत्याही मुलाचा तेव्हा जन्म झालेला नव्हता, म्हणून त्यांना यात काही गमावल्यासारखे वाटत नाही.

यिर्मया संदेष्ट्याने आठव्या अध्यायात करकोचा, पारवा, निळवी अशा पाखरांची नावे घेऊन म्हटले की त्यांना आपापली वेळ कळते, माझ्या लोकांना कळत नाही. ही कवीकल्पना नव्हती. पवित्र भूमी आफ्रिका आणि युरोप यांच्या मधल्या वाटेवर आहे, आजही वसंतात तिथल्या आकाशातून लाखो करकोचे उत्तरेला जातात. यिर्मयाने ते मान वर करून पाहिले असणार. आपण हा उतारा वाचतो तो मान खाली घालून.

म्हणून माझे मत असे की यंदा प्रायश्चित्तकाळातली मुलांची सहल भरतपूरलाच न्यावी. काहींचे म्हणणे पडले की हा काळ सहलीचा नव्हे, प्रार्थनेचा. शुक्रवारची क्रुसाची वाट चुकवायची नाही, शनिवारी पहाटे निघायचे, मग हरकत काय ते मला समजत नाही. (गंमत अशी की आपण उपवास करतो त्याच दिवसांत हे पक्षी पोटभर खाऊन चरबी साठवत असतात. लांबचा पल्ला असतो बिचाऱ्यांचा.) वॉटर पार्कची तिकिटे यापेक्षा महाग आहेत, हे खर्चाचा मुद्दा काढणाऱ्यांसाठी.

फार उशीर करू नये. मार्चच्या मध्यानंतर पाणी रोज थोडे रिकामे होत जाते. आत मोटारी नेऊ देत नाहीत, सायकलरिक्षा घ्यावी. तिथले रिक्षावाले पक्षी ओळखायला शिकलेले आहेत, कित्येक जण दुरून नुसत्या उडण्यावरून बदक कोणते ते सांगतात. मुलांनी प्रश्न विचारावेत ते त्यांना, मोबाइलला नव्हे. आणि केवलादेवाच्या देवळाजवळचे शिकारीचे शिलालेख दाखवायला विसरू नये. त्यावर कोणत्या लाटसाहेबाने किती पक्षी मारले ते तारखेनिशी कोरले आहे. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो, एका दिवसात ४,२७३. मुलांना तो आकडा स्वतः वाचू द्यावा, मध्ये कोणी बोलू नये.

नावे रविवारच्या मिस्सेनंतर माझ्याकडे द्यावीत. दुर्बिणी दोनच आहेत, कोणाकडे असेल तर आणावी.